ऑपरेशन वाया नाही गेलं अक्का

आज पहाटेच्या गाडीनं अक्काला घेऊन परभणीहून संभाजीनगरला गेलो. तीन वर्षांखाली तिचं वजन उतरवायचं स्लीव्हचं ऑपरेशन झालं, त्यात जठराचा जवळपास 75-80 टक्के भाग काढून टाकतात, 118 किलोची अक्का 80 वर आली, गुडघे मोकळे झाले, शुगरची गोळी बंद झाली. पण मागच्या वर्षापासून वजन परत चढायलंय, आज काट्यावर 92 भरलं आणि तिचे डोळेच भरून आले. घरचे तर म्हणतच होते, एवढा पैसा कामून घातला?

डॉक्टरांनी लई शांतपणे सांगितलं, चूक तुमची नाही, लठ्ठपणा बीपी-शुगरसारखाच जुनाट आजार आहे, शरीर गेलेलं वजन परत मागतं. आता आठवड्याला एक सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन, ते आतड्यातल्या हार्मोनसारखं काम करतं, भूक कमी होते. डोस हळूहळू वाढवायचा, मळमळ होऊ शकते, आणि प्रोटीन सोडायचं नाही, नायतर स्नायू झडतात, बी-12 पण चालूच ठेवायचं. काहींना तर हे ऑपरेशनच्या आधीच देतात, वजन थोडं उतरावं म्हणून.

स्टँडवर अक्कानं डब्यातली चतकोर ज्वारीची भाकर काढली, पिठल्यासंगं बारीक बारीक घास करून पंधरा मिनिटं चावत बसली. हिला लोक म्हणतात खाती म्हणून फुगती. लई राग आला मला.

इंजेक्शन 2 ते 8 डिग्रीत ठेवायचंय, आमच्याकडं लाइटचा भरोसा नाही, म्हणून मेडिकलवाल्या भाऊला त्याच्या फ्रीजात ठेवायला सांगितलंय. पहिली सुई रविवारी, मीच देणार.