गढूळ पाण्यातली मॉमी

मार्चचे शेवटचे दिवस आणि एप्रिलचा पहिला पंधरवडा माझी कामाची जागा म्हणजे मॉमी नदीचा काठ. ही नदी ओहायोत टोलीडो शहरापाशी ईरी सरोवराला मिळते. बर्फ वितळलं की सरोवरातला वॉलआय मासा अंडी घालायला तिच्यातून वर चढतो, आणि त्याच्यामागे माणसं येतात. विद्यापीठातल्या अभ्यासासाठी मी या गरवणाऱ्यांना, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्यांना, गाठायचे. किती तास उभे आहात, किती लागले, किती सोडले, हे विचारायचं. ठेवलेला मासा मोजपट्टीवर आडवा करून लांबी लिहायची, नर की मादी तेही लिहायचं.

मी पेणची. पहिल्या पावसात ओढ्यातून शेतात चढणारे वलगणीचे मासे मामाच्या टोपलीत बघत वाढले. त्यामुळे इथलं वेड मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. फक्त तिथे जूनचा पाऊस मासा चढवतो आणि इथे पाण्याचं तापमान. पाणी पाच-सहा अंश सेल्सिअसला आलं की नर आधी येऊन बसतात. सात ते दहा अंशांत गर्दी होते, मोठ्या गाबोळीच्या माद्या येतात. त्यांना खडे-गोट्यांचा तळ आणि त्यावरून पळणारं पाणी हवं असतं. अंडी खड्यांच्या फटींत पडतात, आईबाप राखण करत नाहीत, वाहत्या पाण्यातला प्राणवायूच त्यांना जगवतो. म्हणून लोक साइड कट पार्क, जेरोम रोडचा खळाळ, पलीकडच्या काठावर बटनवुड, आणि खाली फोर्ट मेग्सजवळ गर्दी करतात. जिथे तळाला गाळ आहे तिथे दिवसभर उभं राहून उपयोग नाही.

त्या दिवशी आदल्या रात्रीचा पाऊस नदीत उतरला होता. पाणी चहासारखं तपकिरी आणि चढतं. माझ्या थर्मामीटरवर सात अंश. जेरोम रोडला उजाडायच्या आतच रांग लागली होती, कारण मार्च-एप्रिलमध्ये या नदीत सूर्योदय ते सूर्यास्त एवढंच गरवता येतं. वॉलआयच्या डोळ्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला चांगलं दिसतं, आणि पहिला अर्धा तास सगळ्यांना हवा असतो. छातीपर्यंतचे वेडर्स, म्हणजे पाणी आत न येऊ देणाऱ्या विजारी, घातलेली माणसं नेहमीच्या सवयीने कमरेएवढ्या पाण्यात शिरली आणि तिथून आणखी पुढे, मधल्या धारेत गळ फेकू लागली.

दहा वाजेपर्यंत माझ्या वहीत शून्यांची रांग होती.

एक आजोबा मात्र गुडघ्याएवढ्या पाण्यातही शिरले नव्हते. काचेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, लाल लोकरी टोपी. ते काठालगतच्या पट्ट्यात गळ सोडत होते, जेमतेम सात-आठ पावलांवर. त्यांच्या दोरीत चार नर होते, चारही चाळीस सेंटिमीटरच्या वर. इथे 15 इंच, म्हणजे 38 सेंटिमीटर, ही किमान लांबी आहे आणि दिवसाला माणशी सहा मासे.

मी मोजत असताना त्यांनी मला त्यांची मांडणी हातात दिली. तंगुसावर मोकळी सरकणारी शिशाची गोळी, तिच्याखाली फिरकी, मग दीड-दोन फुटांचा तुकडा, टोकाला तरंगतं डोकं असलेला एकच गळ आणि त्याला वळणदार शेपटीचा पिवळट हिरवा रबरी किडा. शिसं तळावरून जातं आणि किडा गोट्यांच्या वर तरंगत राहतो. सगळी कला शिशाच्या वजनात. जड झालं की गोट्यांत अडकतं, हलकं झालं की वाहून जातं. "टक, टक, टक असं हाताला कळलं पाहिजे," ते म्हणाले. त्यांनी मला काठी धरायला दिली. गोळी गोट्यांवरून उड्या मारत जात होती आणि तो प्रत्येक ठोका माझ्या मनगटात येत होता. मग त्यांनी पाण्यावरची एक रेघ दाखवली. पळणारं पाणी आणि काठाचं संथ पाणी एकमेकांना घासतात ती रेघ. गढूळ पूर आला की मासा मधल्या धारेशी झुंजत बसत नाही, तो या रेघेच्या आतून वर सरकतो. समोरची चाळीसेक माणसं माशांना पाठीमागे टाकून उभी होती.

अकराच्या सुमाराला त्यांची काठी वाकली आणि वाकलेलीच राहिली. पाच मिनिटांनी जाळ्यात आली ती मादी. पोट असं तटतटलेलं की खवले एकमेकांपासून सुटलेले दिसत होते. सत्तर सेंटिमीटर तरी असावी. त्या मोसमातली मी पाहिलेली सगळ्यांत मोठी. मी मोजपट्टी पुढे केली.

गळ तिच्या पाठीवरच्या पराशी लागला होता.

नियम असा की गळ तोंडात लागला नसेल तर मासा ताबडतोब सोडायचा. हे सगळ्यांना माहीत असतं. पण शेजारचा माणूस हळूच म्हणाला, "कुणी बघत नाहीये." आजोबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. चिमट्याने गळ काढला. मी म्हणाले, फक्त लांबी घेते, दहा सेकंद. "नको पोरी," ते म्हणाले, "तिला दम लागलाय." दोन्ही हातांनी तिला पाण्यातच, तोंड प्रवाहाकडे करून धरलं. कल्ले दोनदा, तीनदा हलले. मग शेपटीचा एक फटका आणि नुसता गढूळपणा.

वहीत मी लिहिलं: मादी, सोडली, लांबी घेतली नाही. अभ्यासाच्या दृष्टीने ती नोंद अर्धवट आहे. मला त्या मोसमातली तीच नोंद सगळ्यांत मोलाची वाटते. लाखो अंडी पोटात घेऊन ती सरोवरातून इथवर आली होती, आणि मी माझ्या एका आकड्यासाठी तिला आणखी हवेत धरायला निघाले होते.

संध्याकाळी साडेआठला पेणला फोन लावला. तिकडे सकाळचे सहा, मामा चहा पीत होता. मी सगळं सांगू लागले, पूर, थंडी, चाळीस माणसांची रांग, आजोबा. ते कुठे उभे होते हे सांगण्याआधीच मामाने मला तोडलं.

"गढूळ पाणी होतं ना? मग मासा काठाला असणार."