परदेशात चष्मा करून घेण्यापूर्वी

जळगाव, भुसावळ, रावेर या पट्ट्यातील अनेक आई-वडील आता मुलांकडे अमेरिकेला किंवा युरोपात काही महिने राहायला जातात. कळण्याच्या पिठापासून रक्तदाबाच्या गोळ्यांपर्यंत सारी तयारी महिनाभर आधी सुरू होते, पण चष्मा मात्र डोळ्यांवर असतो तेवढाच सोबत जातो. माझ्या मोठ्या काकांच्या, म्हणजे आप्पांच्या चष्म्याची काच न्यू जर्सीत फुटली, तेव्हा नंबरचा कागद भुसावळच्या कपाटात होता.

आपल्याकडे जुना चष्मा दुकानात दिला की दुकानदार यंत्रावर नंबर काढून नवी काच बसवून देतो. अमेरिकेत बहुतेक दुकाने मुदतीतील लेखी नंबरच मागतात, आणि ही मुदत राज्यागणिक बदलते. त्यामुळे आप्पांना डोळे पुन्हा तपासून घ्यावे लागले. तपासणीनंतर नंबरची प्रत न मागताही आणि वेगळे पैसे न घेता देणे हे तेथे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. चष्मा त्यांच्याकडूनच घेतला पाहिजे असे नाही. मात्र दोन बाहुल्यांमधील अंतर त्या कागदावर असेलच असे नसते, म्हणून ते येथूनच मिलिमीटरमध्ये लिहून न्यावे.

सर्वांत जास्त काळजी जवळच्या नंबरची घ्यावी. आपल्याकडील काही कागदांवर जवळचा नंबर पूर्ण लिहिलेला असतो, तर तिकडे दूरच्या नंबरात किती मिळवायचे तेवढेच लिहितात. दूरचा +१.०० आणि जवळचा +३.०० असेल, तर मिळवायचा आकडा +२.०० आहे; कोणी +३.०० हाच मिळवायचा आकडा समजला, तर जवळची काच +४.०० ची होईल आणि पुस्तक नेहमीपेक्षा बरेच जवळ धरल्याशिवाय नीट वाचता येणार नाही. जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून हे स्पष्ट लिहून घ्यावे, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

परदेशात चष्मा घ्यावाच लागला, तर तो केवळ दूरचा किंवा केवळ जवळचा घ्यावा, प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत दूरपासून जवळपर्यंतचा नंबर हळूहळू बदलत जाणारा, घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. प्रोग्रेसिव्ह काचेत बाहुली फ्रेममध्ये किती उंचीवर येते याचे माप घ्यावे लागते, सवय व्हायला काही दिवस जातात, आणि माप चुकले तर त्याच दुकानात परत जावे लागते. परतीचे तिकीट जवळ आलेल्या माणसाला ते कसे जमणार? केवळ वाचनासाठी औषधांच्या दुकानात तयार चष्मेही मिळतात, परंतु त्यांत दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असतो आणि सिलिंड्रिकल (डोळ्याच्या असमान वक्रतेसाठी लागणारा) नंबर नसतो, हे ध्यानात ठेवावे.

मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले असेल, तर प्रवासाची तारीख त्यानुसार धरावी. नंबर स्थिर व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि त्यानंतर केलेले दोन चष्मे, एक डोळ्यांवर व एक हातातील पिशवीत, घेऊनच मुंबईची गाडी पकडावी.