थ्रीडी की आयएमआरटी? मंजुरीच्या पत्रात काय हवं, माझा अनुभव

बाबांची कॅन्सरची गाठ जिभेच्या मुळाशी, आणि मानेत दोन्ही बाजूंच्या लिम्फ नोड्समध्येही (लसिका ग्रंथी) आजार. ट्यूमर बोर्डाने, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांच्या एकत्रित बैठकीने, केमोसोबत रेडिएशन ठरवलं: 70 ग्रे (ग्रे हे डोसचं माप), 35 सिटिंग, आठवड्याला पाच. इथपर्यंत सगळं सरळ झालं. अडलं ते विम्याच्या मंजुरीत.

कॅशलेसच्या अर्जावर शेरा आला, "थ्रीडीने भागत असताना आयएमआरटी कशासाठी?" दोन्ही रेडिएशन देण्याचीच तंत्रं, थ्रीडी जुनं, आयएमआरटी नवं, त्यामुळे प्रश्न रास्त होता. हॉस्पिटलच्या डेस्कने त्याला उत्तर दिलं, "अत्याधुनिक तंत्र, डॉक्टरांचा सल्ला." फाइल परत आली. पुन्हा तेच वाक्य गेलं, पुन्हा परत. इकडे सिटिंगमध्ये डोकं-मान हलू न देणारा मास्क तयार, डोस आखण्यासाठीचा प्लॅनिंगचा सीटी स्कॅन झालेला, आणि गाठ काही कुणाच्या शेऱ्यासाठी थांबत नाही. तो संताप अजून उतरलेला नाही. ज्यांची फाइल आत्ता अडकली आहे त्यांच्यासाठी लिहितोय.

खरं उत्तर लाळेत आहे. कानाखाली दोन्हीकडे पॅरोटिड ही मोठी लाळग्रंथी असते, आणि मानेच्या वरच्या नोड्सना डोस द्यायचा तर ती वाटेतच येते. थ्रीडीत मशीनच्या किरण अडवणाऱ्या पात्या गाठीच्या आकाराप्रमाणे लावतात, पण प्रत्येक दिशेने येणारा किरण साधारण एकसारख्या तीव्रतेचा असतो. त्यामुळे दोन्ही बाजूंची मान घेतली की दोन्ही पॅरोटिड भाजून निघतात. आयएमआरटीत त्याच पात्या हलत राहतात, एका किरणातही कुठे जास्त, कुठे कमी डोस पडतो, आणि ग्रंथीभोवती डोस वळवता येतो. ब्रिटनच्या पारस्पोर्ट चाचणीत एका वर्षानंतर तोंडाला त्रासदायक कोरड जुन्या पद्धतीत 74 टक्क्यांना, आयएमआरटीत 38 टक्क्यांना होती. टाटा मेमोरियलने 60 रुग्णांवर थ्रीडी आणि आयएमआरटीची तुलना केली (2012), तिथेही उपचारादरम्यानचा लाळेचा त्रास 89 विरुद्ध 59 टक्के. आजार आटोक्यात ठेवण्यात दोन्ही चाचण्यांत ठळक फरक दिसला नाही. म्हणून पत्रात "जास्त बरा होईल" लिहू नका. ते टिकत नाही. लाळ वाचेल हे लिहा, आकड्यांसकट.

आकडे डोसचा प्लॅन बनवणाऱ्या फिजिसिस्टकडे असतात. त्याच सीटीवर थ्रीडीचा तुलनात्मक प्लॅन करून मागा आणि दोन्हींचा डीव्हीएच, म्हणजे कुठल्या अवयवाला किती डोस याचा आलेख, छापून घ्या. या आलेखात प्रत्येक अवयवाची एक रेघ असते. आडव्या अक्षावर ग्रे, उभ्यावर त्या अवयवाचा किती टक्के भाग. पॅरोटिडची रेघ जितकी लवकर खाली कोसळेल तितकं चांगलं. खालच्या तक्त्यात सरासरी डोस असतो. एक ग्रंथी 20 ग्रेखाली, किंवा दोन्ही 25 खाली, हे उद्दिष्ट. बाबांच्या थ्रीडी प्लॅनमध्ये दोन्ही पन्नाशीच्या पुढे होत्या. आयएमआरटीत उजवी 19, गाठीकडची डावी 38. डावी वाचणार नव्हतीच, ती वाचवायला गेलं तर गाठीचा डोस तुटतो. मणक्यातल्या मज्जारज्जूची कमाल 45 ग्रेची मर्यादाही त्याच तक्त्यात बघा.

पत्रात एवढंच गेलं: गाठीची जागा, स्टेज, दोन्ही बाजूंची मान घ्यावी लागते हे वाक्य, दोन प्लॅनमधले पॅरोटिडचे आकडे, आणि रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्टची सही. मंजुरी आली.

हे पत्र मास्कच्या आधीच तयार ठेवायला सांगा. तुलनात्मक प्लॅन नंतर जोडता येतो, पण पहिल्या अर्जातच "दोन्ही बाजूंची मान" लिहिलेलं हवं. सीटी शिळा झाला, दरम्यान वजन उतरलं, तर मास्क आणि सीटी पुन्हा.

सगळ्यांनाच आयएमआरटी हवी असंही नाही. गालाच्या आतली छोटी गाठ, एकाच बाजूची मान घ्यायची असेल, तर पलीकडची पॅरोटिड थ्रीडीतही बरीचशी वाचते. तिथे कर्ज काढण्याआधी थ्रीडीने भागेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

रॅपिडआर्क किंवा व्हीमॅट म्हणजे आयएमआरटीच, फक्त मशीन फिरता फिरता डोस देतं. टेबलावरचा वेळ काही मिनिटांवर येतो, आणि घट्ट मास्कमध्ये थुंकी गिळता न येणाऱ्या माणसाला ते फार मोलाचं आहे. आयजीआरटी म्हणजे सिटिंगआधी स्कॅन काढून जागा जुळवणं. बिलात ते वेगळं तंत्र म्हणून दिसलं तर रोज स्कॅन होणार की आठवड्यातून एकदा, हे विचारा. प्रोटॉन (नेहमीच्या किरणांऐवजी प्रोटॉन कणांनी दिलेलं रेडिएशन) खारघरला टाटाच्या केंद्रात आणि चेन्नईत मिळतं. कवटीच्या तळाशी गाठ असेल किंवा त्याच जागी दुसऱ्यांदा रेडिएशन द्यायचं असेल तर त्याचा विचार होतो.

दातांचं राहिलं. काढायचे दात सुरुवातीलाच काढा. जखम भरायला दहा ते चौदा दिवस लागतात, आणि रेडिएशननंतर दात काढला तर जबड्याचं हाड सडण्याचा धोका असतो. दाढी मास्कच्या आधी करा आणि शेवटपर्यंत तशीच ठेवा. मास्क गालाशी सैल वाटला तर त्याच दिवशी टेक्निशियनला दाखवा, नवा सीटी लागू शकतो.

आणि मशीन बंद पडलं किंवा सणाची सुट्टी आली तर "शेवटी एक दिवस वाढवू" यावर मान डोलावू नका. सात आठवड्यांचा उपचार लांबला की गाठीच्या पेशी पुन्हा जोर धरतात. दुसरं जुळणारं मशीन आहे का, शनिवारी सिटिंग देता येईल का, किंवा एकाच दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोन देता येतील का, हे तिथेच उभं राहून विचारा.