सहस्रांश सेकंदाची सवय मोडताना

गेली चार वर्षे मी ठाण्यातल्या कबड्डी स्पर्धांचे आणि पावसाळ्यातल्या मॅरेथॉनचे फोटो काढते आहे. नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी. त्यामुळे वडिलांच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी, ज्यांना मी लहानपणापासून काका म्हणते, त्यांच्या उघड्या टपाच्या जुन्या ब्रिटिश एम. जी. गाडीचे फोटो काढशील का असे विचारले तेव्हा मी फारसा विचार न करता होकार दिला. धावत्या माणसाला पकडणाऱ्या माझ्यासारखीला सोसायटीच्या आवारात उभी असलेली गाडी काय जड जाणार, असा माझा समज होता. तो समज दूर व्हायला जवळजवळ दोन महिने लागले. या दोन महिन्यांत मला नवे जितके शिकावे लागले, त्याहून अधिक आधीचे विसरावे लागले.

आधीचे म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. कबड्डीत पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते आणि एक चढाई ३० सेकंदांत संपते. माझा सेकंडहँड कॅनन ७डी मार्क टू कॅमेरा सेकंदाला १० फोटो काढतो, त्यामुळे पहिल्या वर्षी मी प्रत्येक चढाईला बटण दाबून धरत असे आणि रात्री घरी आल्यावर हजारभर फोटोंतून नेमकी पकड शोधत बसत असे. बहुतेक वेळा ती दोन फोटोंच्या मधे निसटलेली असे. जागाही चुकलेली असे. बचाव करणाऱ्या संघाच्या अंतिम रेषेमागे बसले की चढाईपटू आत येताना त्याचा चेहरा छान मिळतो, पण पकड झाल्यावर तो मध्यरेषेकडे झेपावतो तेव्हा माझ्या वाट्याला त्याचे तळवे येतात. एका ज्येष्ठ पंचांनी माझी ही धडपड पाहून मला समोरच्या अर्ध्या मैदानाच्या कोपऱ्यात जाऊन बसायला सांगितले. तिथून पलीकडच्या अंगणात पकडला गेलेला खेळाडू मध्यरेषेला हात लावण्यासाठी थेट माझ्या दिशेने ताणला जातो, आणि लगेच पुढची चढाई दुसऱ्या संघाची असल्यामुळे तो चढाईपटूही तोंड माझ्याकडे करूनच येतो. एकाच जागेवरून दोन्ही संघ मिळतात. त्यांनीच आणखी एक गोष्ट सांगितली: चढाईपटूकडे पाहू नकोस, कोपरारक्षकाच्या, म्हणजे कोपऱ्यातल्या बचावपटूच्या, पायांकडे पाहा. पकडीला जाण्याआधी त्याची टाच उचलली जाते. तेव्हापासून मी टाच पाहून बटण दाबते आणि एका चढाईत पाच-सहा फोटोंच्या वर जात नाही.

प्रकाशाचे दुखणे वेगळे होते. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे मंडळांच्या मैदानांवरचे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण १/१००० सेकंदाचे शटर ठेवले, म्हणजे प्रकाश तेवढाच वेळ आत घेतला, की एक फोटो उजळ, दुसरा काळपट आणि तिसरा पिवळट निघतो. शटर १/१०० वर आणले की उजेड सारखा होतो, मात्र हातापायांचे धुके होते. माझ्या कॅमेऱ्यात दिव्यांचे हे लुकलुकणे ओळखून उजेडाच्या शिखरावरच शटर उघडण्याची सोय आहे, तिच्या जोरावर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) ६४०० आणि शटर १/८०० असा माझा ठरलेला हिशेब बसला. फ्लॅश मी कधीच वापरला नाही. अंगावर चार जण धावून येत असताना डोळ्यांत लख्ख उजेड गेला तर चढाईपटूचे काय होईल, हे कळायला नियम वाचावे लागत नाहीत.

मॅरेथॉनबद्दल थोडक्यात इतकेच की तिथे छातीवरचा क्रमांक दिसणे चेहऱ्याइतकेच महत्त्वाचे असते, कारण धावपटू आपला फोटो क्रमांकावरूनच शोधतो. आणि श्रावणातल्या पहाटे वातानुकूलित गाडीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला की लेन्सवर बाष्प धरते आणि पहिली तुकडी निघून गेली तरी काच पुसत बसावे लागते. हे माझ्या बाबतीत एकदा घडले. आता मी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवते. पावसाळाभर लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात असतात. खाडीकाठच्या दमट हवेत एक लेन्स बुरशीपायी गमावल्यावर हे शहाणपण आले.

ही सगळी शिदोरी घेऊन मी काकांच्या आवारात गेले. गाडी १९४७ सालची एम. जी. टीसी. युद्ध संपल्यावर १९४५ ते १९४९ या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात अशा १०,००० च्या आसपास गाड्या तयार झाल्या. त्यांतल्या पुष्कळ परदेशी गेल्या तरी स्टिअरिंग सगळ्यांचे उजवीकडेच राहिले. पत्र्याखाली ॲश लाकडाचा सांगाडा, मागच्या बाजूने बिजागरी असलेले दरवाजे, पाठीमागे उघडीच बसवलेली पेट्रोलची टाकी आणि तिच्यावर टांगलेले जादा चाक. चाके १९ इंची, तारांची, सायकलसारखी. समोरची काच दोन स्क्रू सैल करून पुढे आडवी पाडता येते. काका हे सगळे एका दमात सांगत होते आणि मी नेहमीच्या सवयीने गुडघ्यावर बसून धडाधड फोटो काढत होते.

घरी येऊन संगणकावर पाहिले तर प्रत्येक फोटोत, रेडिएटरच्या चकचकीत चौकटीत आणि दोन्ही हेडलाइटच्या डब्यांवर, एक नारिंगी ठिपका होता. एक फोटो मोठा करून पाहिला. ती मी होते. मॅरेथॉनमध्ये छायाचित्रकारांना देतात ते नारिंगी जाकीट मी खिसे पुष्कळ असतात म्हणून अंगावर चढवले होते, आणि ते गाडीच्या प्रत्येक चकाकत्या भागावर उमटले होते. मला वाटले, पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, लेन्सवर लावला की काम होईल. बोरा बाजारातून एक घेऊन आले आणि पुढच्या रविवारी तो फिरवून फिरवून पाहिला. बॉनेटच्या रंगावरची आभाळाची चमक गेली, काचेवरचे झाडाचे प्रतिबिंब गेले, पण क्रोमवरची मी जागच्या जागी. उघड्या धातूवरून परतणारा प्रकाश पोलरायझरला दाद देत नाही, हे मला तिथे उमगले. उपाय अगदी साधा निघाला: काळा सदरा, काळा दुपट्टा, आणि गाडीपासून दूर उभे राहून लांब लेन्स. पुढची चाके किंचित वळवून घेतली, म्हणजे टायरची नक्षी न दिसता तारांची जाळी कॅमेऱ्याकडे येते. कॅमेरा हेडलाइटच्या उंचीवर आणला. उभ्या गाडीचे फोटो अशा रीतीने तिसऱ्या रविवारी जमले.

पण काकांना चालती गाडी हवी होती. “उभी तर ती वर्षभर असतेच गं,” ते म्हणाले.

इथे एक अडचण होती. ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जे नियम आणले, त्यांखाली काकांनी गाडीची नोंदणी करून घेतली आहे, आणि तिच्या पाटीवर एमएचनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे आहेत. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची रॅली, पेट्रोल भरणे, देखभाल अशा ठरावीक कारणांसाठीच ती बाहेर पडू शकते. काका याबाबतीत अतिशय काटेकोर आहेत. माझ्या फोटोंसाठी चार चकरा मारा, असे त्यांना सांगण्याची सोय नव्हती.

पहिली संधी गाडी वागळे इस्टेटमधल्या गॅरेजमध्ये न्यायची होती तेव्हा मिळाली. मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले, शटर सवयीने १/१००० वर, आणि गाडी समोरून गेली तेव्हा दहा फोटो घेतले. सगळे काचेसारखे स्वच्छ आले. चाकातली तार न् तार मोजता येत होती. काकांनी ते पाहिले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिले आणि विचारले, “ही बंद पडली तेव्हाचे आहेत का?”

मला राग आला, पण मग मी कागद घेऊन बसले. गाडी ताशी ३० किलोमीटरने जात असेल तर सेकंदाला सव्वाआठ मीटर सरकते. टायरसकट चाकाचा व्यास सुमारे ७१ सेंटिमीटर, म्हणजे परीघ सव्वादोन मीटरच्या आत. १/१००० सेकंदात ते चाक दीड अंशही फिरत नाही. १/३० सेकंदात मात्र सुमारे ४५ अंश फिरते, आणि तारांची जाळी होऊन जाते. कबड्डीत हवेत तरंगणारा देह हीच गती असते, तिथे काळ गोठवला तरी पाहणाऱ्याला पुढे काय होणार ते दिसते. गाडीचा देह मात्र उभा असो वा चालता, तसाच असतो. गती असते ती फक्त चाकांत आणि मागे पळणाऱ्या रस्त्यात. ती गोठवली की उरते ती उभी गाडी.

म्हणजे शटर १/३० वर ठेवून कॅमेरा गाडीबरोबर फिरवायचा. सांगायला सोपे. मी पुढचे दोन आठवडे तलावपाळीवर सकाळी जाऊन रिक्षांवर हात बसवला. पहिल्या दिवशी ७० फोटोंत एकही रिक्षा ओळखू येईना. पावले जिथे हालचाल संपणार तिकडे रोखायची आणि फक्त कंबरेतून मागे वळून गाडीची वाट पाहायची, कोपरे बरगड्यांना चिकटवायची, बटण दाबण्याच्या बऱ्याच आधीपासून गाडीसोबत फिरायला लागायचे आणि बटण सोडल्यावरही थांबायचे नाही, हे एकेक करून कळत गेले. शेवटची गोष्ट सर्वांत अवघड, कारण फोटो मिळाला असे वाटताच हात आपोआप थांबतो आणि तोच झटका फोटोत उतरतो. काही रिक्षावाले मला ओळखू लागले होते. एकाने तर हसून हातही केला, आणि नेमका तोच फोटो चांगला आला: रिक्षा स्पष्ट, हात पुसट.

जानेवारीतल्या एका रविवारी नवी मुंबईत जुन्या गाड्यांचे प्रदर्शन होते. काका ठाणे-बेलापूर रस्त्याने वाशीला आणि तिथून पाम बीच मार्गाने पुढे जाणार होते. एकदाच. मी भावाच्या गाडीतून पुढे गेले आणि सानपाडा ओलांडल्यावर पूर्वेकडच्या पदपथावर, कठड्यापासून चांगली मागे, उभी राहिले. जागा आदल्या आठवड्यात पाहून ठेवली होती. दक्षिणेकडे जाणारी वाहने याच बाजूने जातात, सूर्य माझ्या पाठीशी असतो आणि पलीकडे दुभाजकातली झाडे, परतीचा रस्ता आणि त्यामागे खाडीची खारफुटी, असा हिरवा पट्टा मिळतो. काकांनी डाव्या मार्गिकेतून सावकाश यायचे ठरले होते. लेन्स ३५ मिलिमीटरची, शटर १/३०. पोलरायझर क्रोमच्या कामी आला नव्हता तो इथे आला, कारण तो दीड स्टॉपच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दोन-तृतीयांश, उजेड खातो आणि उन्हात शटर इतके मंद ठेवायला तेच हवे होते.

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे माझ्या बाजूने पाहता काका पलीकडे. टप उतरवलेले आणि काच आडवी पाडलेली, त्यामुळे ते दिसतील, हा माझा हिशेब शेजारची जागा रिकामी असेल असे धरून होता. निघताना मी काकूंना भावाच्या गाडीत बसायचे सुचवलेही होते. “या गाडीत मी नेहमी इथंच बसते,” एवढे म्हणून त्यांनी डोक्याला रुमाल बांधला होता, आणि पुढे काही बोलण्याची माझी हिंमत झाली नव्हती.

पावणेआठच्या सुमारास ती हिरवी गाडी दूरवर दिसली. मी कंबरेतून वळले, तिला चौकटीत घेतले आणि तिच्यासोबत फिरू लागले. इतक्या जवळून गाडी क्षणोक्षणी कोन बदलते, त्यामुळे ती बरोबर समोर असते तेवढाच क्षण कामाचा. बारा फोटो निघाले. गाडी गेल्यावरही मी फिरतच राहिले, भाऊ हसायला लागला तेव्हा थांबले. बारांपैकी अकरा पुसट होते. एकात रेडिएटरपासून जादा चाकापर्यंत गाडी स्वच्छ, तारांच्या जागी चंदेरी चकत्या, आणि मागची सगळी खारफुटी आडव्या हिरव्या रेघा झालेली.

संध्याकाळी काकांच्या घरी मी तो पडद्यावर दाखवला. ते बराच वेळ चाकांकडे पाहत होते.

“फिरतंय,” ते म्हणाले. मग जवळ वाकले. “पण मी कुठे आहे?”

काकूंचा चेहरा, वाऱ्याने उडालेले रुमालाचे टोक आणि त्यांचे हसू अगदी स्पष्ट आले होते. त्यांच्या मागून काकांच्या टोपीचा पुढचा भाग आणि स्टिअरिंगवरची चार बोटे दिसत होती. पुढच्या रॅलीच्या वेळी पलीकडच्या बाजूने काढू या, असे मी म्हणाले. काकूंनी तोवर फ्रेमवाल्याचा नंबर शोधायला घेतला होता.