तांबेऱ्याची रात्र

गेल्या पावसाळ्यात गोरेगावच्या आमच्या सोसायटीतल्या चाफ्याचे पान उलटून पाहिले, तर बोटाला केशरी भुकटी लागली. ती तांबेऱ्याच्या, म्हणजे पानांवर गंजासारखे डाग पाडणाऱ्या बुरशीच्या, बीजाणूंची (बियांसारख्या सूक्ष्म कणांची) होती. त्यातली चिमूटभर काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात रात्रभर झाकून ठेवली आणि सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तेव्हा काही बीजाणूंतून केसाहून बारीक, पारदर्शक अंकुरनलिका बाहेर पडलेल्या दिसल्या. तेव्हापासून या बुरशीचे वेळापत्रक समजून घेण्याचा मला ध्यासच लागला.

या बाबतीत सर्वाधिक अभ्यास झाला आहे तो गव्हावरच्या तांबेऱ्याचा. खोडावर येणाऱ्या काळ्या तांबेऱ्याचे बीजाणू साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअसला, पानावर दव असताना, एक ते तीन तासांत रुजू लागतात आणि त्यांना अंधार मानवतो. अंकुरनलिका सरपटत पर्णरंध्रापर्यंत (पानाच्या सूक्ष्म छिद्रापर्यंत) जाते व तिथे तिचे टोक फुगून पानाला घट्ट चिकटते. इथवर यायला सहा ते आठ तासांचा ओलावा लागतो. मध्येच पान वाळले, तर तो अंकुर पुन्हा उभा राहत नाही. पुढची पायरी मला विलक्षण वाटते. जो उजेड रुजण्याला अडथळा करतो, त्याच्याशिवाय ही बुरशी पानात शिरत नाही: किमान दहा हजार लक्स (उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश मिळेपर्यंत ती दारातच थांबते, आणि सकाळी तापमान १८ वरून ३० अंशांकडे चढत असताना सुमारे तीन तासांत आत घुसते. रात्रीचे दव आणि सकाळचे ऊन अशी दोन्ही कामे तिने वाटून घेतली आहेत.

सगळे तांबेरे असे नाहीत. गव्हाच्याच पानांवरच्या नारिंगी तांबेऱ्याला आत शिरायला उजेडाची गरज नसते. पिवळ्या तांबेऱ्याचे बीजाणू ९ ते १३ अंशांना उत्तम रुजतात, त्यामुळे तो उत्तरेकडच्या थंड पट्ट्यात माजतो. सोयाबीनवरचा तांबेरा तर रंध्र न शोधता थेट पानाची त्वचा भेदतो.

मुंबईत पावसाळी रात्री पाने ओली राहतात, त्यावर आपला इलाज नाही. पाऊस सरल्यावर मात्र इलाज आहे. संध्याकाळी कुंड्यांवर पाइपने फवारा मारला, की पान रात्रभर ओले राहते आणि बीजाणूला हवे ते सारे आयते मिळते. म्हणून आमच्या माळीदादांना मी आता सकाळी, आणि तेही बुंध्याशीच, पाणी घालायला सांगितले आहे.