युद्धकादंबऱ्यांचे वाचन : युद्धापूर्वी हा माणूस काय करत होता?

सामान्य माणसांच्या धैर्याच्या साहसकथा आणि युद्धकादंबऱ्या मी आजवर प्रकाशनवर्षाच्या क्रमाने वाचत आलो. या टप्प्यात तो क्रम मोडला आहे. आता प्रत्येक कादंबरीच्या नोंदीत सर्वांत वर एकच प्रश्न लिहितो : संकट येण्यापूर्वी हा माणूस पोटासाठी काय करत होता? या एका प्रश्नाने जुनी, अनेकदा वाचलेली पुस्तकेही वेगळी दिसू लागली आहेत, म्हणून ही नोंद नेहमीपेक्षा सविस्तर लिहीत आहे.

या बदलाला कारण झाली जॉन बकन यांची १९१५ सालची 'द थर्टी-नाइन स्टेप्स'. पाठलागाची कथा म्हणून ती सर्वांना ठाऊक आहे; पण या वेळी माझे लक्ष वेधले ते रस्तादुरुस्तीच्या प्रसंगाने. स्कॉटलंडच्या उजाड माळावर लपायला आडोसा नाही, शत्रू चहूबाजूंनी येत आहेत, आणि रिचर्ड हॅने खडी फोडणाऱ्या कामगाराची जागा घेऊन भर रस्त्यात उभा राहतो. तो रस्त्यावरची धूळ अंगाला फासतो, बूट दगडांवर आपटून खरबरीत करतो, नखे चावून त्यांच्या कडा ओबडधोबड करतो. एवढे करूनही चौकशीला आलेल्यांपैकी एकाची नजर बुटांवर जातेच, आणि हॅनेला तिथल्या तिथे पटेल असे उत्तर द्यावे लागते. हॅने व्यवसायाने खाणअभियंता आहे. पुढे त्याला एका कोठारात कोंडतात, तेव्हा तेथे सापडलेल्या स्फोटकाने वाट मोकळी करण्याइतके ज्ञान त्याला त्याच व्यवसायाने दिलेले असते. मूठभर माल किती नासधूस करील याचा अंदाज त्याला आहे, त्या अंदाजात चूक होऊ शकते हेही त्याला माहीत आहे, आणि तरीही तो वात पेटवतो. या क्षणाला मी पूर्वी नुसते 'धाडस' म्हणून पुढे गेलो असतो. आता मला त्यात एका कारागिराचा हिशेब दिसतो.

हाच धागा धरून मागे गेलो, तेव्हा अर्स्किन चाइल्डर्स यांची 'द रिडल ऑफ द सँड्स' (१९०३) हाती घेतली. कारदर्स हा परराष्ट्र खात्यातला कारकून, आणि डेव्हिस हा छोट्या शिडाच्या नौकेतून हिंडण्याचे वेड असलेला तरुण. जर्मनीच्या फ्रिजियन बेटांजवळच्या उथळ, वाळूच्या समुद्रात दाट धुके पडलेले असताना हे दोघे नॉर्डरनाय बेटापासून मेमर्टपर्यंत वल्ही मारत जातात. डेव्हिसच्या मदतीला होकायंत्र, घड्याळ आणि पाण्याची खोली अजमावण्याची सवय एवढेच असते. कारदर्स आंधळ्यासारखा, फक्त सांगितल्याप्रमाणे, वल्ही ओढत राहतो. या प्रकरणात गोळी सुटत नाही, कोणी कोणाला पकडत नाही, तरीही साहसकथांच्या प्रांतातले हे सर्वोत्तम प्रकरणांपैकी एक आहे असे माझे ठाम मत आहे. पुस्तकातला नकाशा शेजारी उघडा ठेवून ते वाचावे. ओहोटीने पाणी कोणत्या खाडीतून कधी निघून जाते हे समजल्याशिवाय त्यातला थरार पुरता कळत नाही. चाइल्डर्स स्वतः ब्रिटिश कनिष्ठ सभागृहाच्या कचेरीत कारकून होते आणि सुट्टीत त्याच किनाऱ्यांवर नौकानयन करत, त्यामुळे दोन्ही पात्रांत त्यांचाच एकेक अंश उतरला आहे.

सी. एस. फॉरेस्टर यांची 'द आफ्रिकन क्वीन' (१९३५) मात्र या प्रश्नासाठीच लिहिली असावी असे वाटते. पहिल्या महायुद्धातला जर्मन मध्य आफ्रिका, धर्मप्रसारक भावाच्या मृत्यूनंतर एकटी पडलेली रोझ सेयर, आणि मोडकळीला आलेली वाफेची होडी चालवणारा यंत्रकामगार ऑलनट. चित्रपट पाहिलेल्या वाचकांना धबधबे आणि जळवा आठवतात. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो होडीच्या दुरुस्तीचा भाग. खडकावर आपटून दांडा वाकलेला आहे, पंख्याचे एक पाते तुटलेले आहे, आसपास शेकडो मैलांत कार्यशाळा नाही. ऑलनट सांगतो की हे काम होणार नाही. रोझला यंत्रातले काहीच कळत नसल्यामुळे ती एकेक साधा प्रश्न विचारत जाते, आणि प्रत्येक उत्तरागणिक अशक्य काम थोडेथोडे शक्य कोटीत येते. काठावर कोळशाची भट्टी लागते, दांडा तापवून हळूहळू सरळ केला जातो, लोखंडाच्या तुकड्यातून नवे पाते घडवले जाते. फॉरेस्टर हे सारे घाई न करता लिहितात, आणि ती दुरुस्ती पुरी होईपर्यंत ऑलनट वेगळा माणूस झालेला असतो. पुढे सरोवरावरचे जर्मन जहाज बुडवण्यासाठी वायूच्या नळकांड्यांत स्फोटक ठासून, काडतुसे आणि खिळे वापरून तो पाणतीर तयार करतो, तेव्हा त्याच्या हातांवर आपला विश्वास बसलेला असतो, कारण ते हात आपण काम करताना पाहिलेले असतात.

शेवटाबद्दल वाचकांत नेहमी वाद होतो. कादंबरीत ती होडी हल्ल्यापूर्वीच वादळात बुडते, आणि जर्मन जहाज बुडवण्याचे काम ब्रिटिश नौदलाच्या मोटारबोटी करतात. १९५१ च्या चित्रपटात मात्र त्या दोघांचेच पाणतीर कामी येतात. मला कादंबरीचा शेवट अधिक प्रामाणिक वाटतो, कारण इतके कष्ट करूनही यश दुसऱ्याच्या पदरात पडू शकते हे फॉरेस्टर टाळत नाहीत. या कथेमागे टांगानिका सरोवरावरची खरी मोहीम आहे, हेही ध्यानात ठेवावे : 'मिमी' आणि 'तूतू' या दोन मोटारबोटी जमिनीवरून ओढत तेथपर्यंत नेल्या गेल्या होत्या. जर्मनांनी १९१६ साली स्वतःच बुडवलेले 'ग्राफ फॉन गोट्सेन' हे जहाज नंतर वर काढून 'लिएम्बा' या नावाने पुन्हा चालवले गेले.

नेव्हिल शूट यांची 'पाइड पायपर' (१९४२) मी या टप्प्यात सर्वांत सावकाश वाचली. जॉन हॉवर्ड हा सत्तरीचा इंग्रज वकील, वैमानिक मुलगा युद्धात मारला गेलेला, मन रमवायला १९४० च्या वसंतात फ्रान्सच्या जुरा डोंगरात मासेमारीला येतो. फ्रान्स कोसळू लागतो, आणि जिनिव्हात नोकरी करणाऱ्या एका इंग्रज गृहस्थाची दोन मुले, आठ वर्षांचा रॉनी आणि पाच वर्षांची शीला, इंग्लंडला पोहोचवण्याची जबाबदारी तो घेतो. वाटेत आणखी मुले जमत जातात. त्यांतला पिएर हा रस्त्यावर विमानातून झालेल्या गोळीबारात आईवडील गमावलेला मुलगा, तर विलेम या डच मुलाला गावकरी हेर समजून दगड मारत असतात.

हॉवर्डचे धैर्य कोठे आहे, हे शोधायला पुस्तक दोनदा चाळावे लागले. तो कोणाशी झुंजत नाही. शीलाला दिझोंमध्ये ताप येतो, तेव्हा जर्मन सैन्य पुढे सरकत असतानाही तो थांबतो, कारण आजारी मुलाला प्रवासाला नेऊ नये हे त्याला पटलेले आहे. मुलांनी हात धुवावेत, वेळेवर झोपावे, परक्यांसमोर इंग्रजीत बोलू नये, एवढ्यावरच त्याचे सारे लक्ष असते. झाडाची फांदी कापून तो मुलांसाठी शिट्ट्या तयार करतो, आणि ती शिट्टी पुस्तकात वारंवार येते : कोणी रडू लागले, कोणी बोलेनासे झाले, की म्हातारा खिशातून चाकू काढतो. साल सैल करणे, खाच पाडणे, तुकडा पुन्हा बसवणे, हे करण्यात मुलांची भीती थोडा वेळ बाजूला पडते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालमत्तेची आणि कागदपत्रांची जोखीम सांभाळलेला माणूस इथे दुसऱ्यांची मुले त्याच काळजीने सांभाळतो, असे मी नोंदीत लिहिले आहे. शूट हे वाक्य कोठेही उच्चारत नाहीत, हे त्यांच्या संयमाचे लक्षण आहे.

यानंतर हान्स फालाडा यांची बर्लिनमधली कादंबरी वाचली, जी इंग्रजीत 'अलोन इन बर्लिन' या नावाने वाचली जाते. फालाडा यांनी ती १९४६ च्या शरदात काही आठवड्यांत लिहिली आणि १९४७ साली ती छापून येण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. मागे खरी घटना आहे : ओटो आणि एलिझे हाम्पेल या कामगार दांपत्याने १९४० ते १९४२ या काळात हिटलरविरोधी मजकुराची दोनशेहून अधिक पोस्टकार्डे बर्लिनच्या इमारतींमध्ये ठेवली, आणि ८ एप्रिल १९४३ रोजी दोघांना देहदंड देण्यात आला. कादंबरीतला ओटो क्वांगेल लाकडी सामानाच्या कारखान्यात फोरमन आहे. तो अबोल, कंजूष आणि कामात काटेकोर आहे. मुलगा आघाडीवर मारला गेल्यावर तो भाषणे देत नाही, तर रविवारी टेबलापाशी बसून, हातमोजे घालून, एकेक अक्षर काढत पोस्टकार्ड लिहितो. लिहिण्याची सवय नसल्यामुळे एका कार्डाला कित्येक तास लागतात. कोणत्या इमारतीला दोन जिने आहेत, कोठे वकील आणि डॉक्टरांकडे येणाऱ्यांची वर्दळ असते, हे तो लाकडाचा दर्जा पारखावा तसे पारखतो.

याच्या उलट बाजूला गेस्टापोचा, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांतला, एशेरिख आहे, जो नकाशावर सापडलेल्या प्रत्येक कार्डासाठी लाल निशाण टोचतो आणि वाट पाहतो. तोही आपल्या कामात तितकाच काटेकोर आहे. दोन कसबी माणसांची ही गाठ अंगावर येते. अटकेनंतर ओटोला कळते की बहुतेक सर्व कार्डे भेदरलेल्या लोकांनी पोलिसांकडे नेऊन दिली, कोणी ती वाचून पुढे दिली नाहीत. त्या प्रकरणानंतर मी पुढचे वाचन काही काळ थांबवले. क्वांगेलच्या कृतीचा परिणाम जवळजवळ शून्य आहे हे मान्य करूनही फालाडा तिला कमी लेखत नाहीत, आणि सर्व कार्डे वाचणारा एशेरिखच अखेर त्या कार्डांनी आतून मोडतो. आजवर वाचलेल्या युद्धकादंबऱ्यांत माझ्या मते हिचे स्थान सर्वांत वर आहे.

निकोलस मॉन्सरात यांच्या 'द क्रुएल सी' (१९५१) बद्दल थोडक्यात. 'कम्पास रोझ' या छोट्या युद्धनौकेवर पत्रकार, बॅरिस्टर, बँकेतला कारकून असे लोक अधिकारी होऊन येतात, आणि समुद्र त्यांना नव्याने घडवतो. कप्तान एरिक्सन बुडालेल्या जहाजावरच्या, पाण्यात तरंगणाऱ्या आपल्याच बाजूच्या खलाशांच्या खाली पाणबुडी असल्याच्या संशयावरून बाँब सोडण्याचा हुकूम देतो तो प्रसंग वाचताना कोणत्याही व्यवसायाची पूर्वतयारी पुरी पडत नाही, एवढे नक्की. पाणबुडी खरोखर होती की नाही हे मॉन्सरात शेवटपर्यंत सांगत नाहीत.

माझ्या प्रश्नाला खरा धक्का दिला तो १९२९ सालच्या 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' ने. एरिख मारिया रेमार्क यांच्या या कादंबरीत म्यूलर हा सैनिक जवळजवळ माझाच प्रश्न उलटा विचारतो : शांतता झाली तर तुम्ही काय कराल? डेटरिंग शेतकरी आहे, त्याला पीक काढायचे आहे. काटचिन्स्की ऊर्फ काट मोची आहे, त्याला बायको आहे, घर आहे. कथा सांगणारा पॉल आणि त्याचे वर्गमित्र मात्र शाळेच्या बाकावरून थेट खंदकात आलेले आहेत आणि त्यांच्यापाशी परतण्यासारखे काम नाही. पॉल जखमी काटला पाठीवर घेऊन गोळीबारातून चालत येतो, आणि पोहोचल्यावर कळते की वाटेतच डोक्यात किरचा लागून काट गेला आहे. त्या वाटेवरचे पॉलचे धैर्य कोणत्याही व्यवसायातून आलेले नाही. ते मैत्रीतून आलेले आहे. म्हणून नोंदवहीत 'पूर्वीचे काम' या रकान्याशेजारी आता 'कोणासाठी' असा दुसरा रकाना आखला आहे, आणि हॉवर्ड, ऑलनट, क्वांगेल यांच्या नोंदी त्यानुसार पुन्हा भरत आहे. क्वांगेलच्या रकान्यात मुलाचे नाव लिहून मी थांबलो, कारण पुस्तकाच्या उत्तरार्धात तो मुलासाठी लिहितो असे म्हणता येत नाही.

ॲलिस्टर मॅक्लीन यांची 'द गन्स ऑफ नॅव्हरोन' (१९५७) यादीतून तूर्त काढली आहे. ती वाचनीय आहे, पण तिच्यातला गिर्यारोहक आणि स्फोटकतज्ज्ञ ही निवडलेली, तरबेज माणसे आहेत, सामान्य नव्हेत. त्यांचीच 'एच.एम.एस. युलिसिस' (१९५५) मात्र ठेवली आहे, कारण तिच्यात थकलेले, आजारी, रजेला मुकलेले खलाशी आर्क्टिक समुद्रातून जहाजांचा ताफा नेतात.

सध्या शूट यांचीच 'अ टाउन लाइक ॲलिस' (१९५०) चालू आहे. जीन पॅजेट ही टंकलेखिका मलायात स्त्रिया आणि मुलांच्या तांड्यासोबत जपान्यांच्या पहाऱ्यात एका गावाहून दुसऱ्या गावी चालते आहे, आणि दुसऱ्याचे तान्हे मूल कडेवर घेऊन ती गावाच्या मुखियाशी मलय भाषेत बोलणी करते आहे. कचेरीत पत्रे टंकित करणाऱ्या मुलीला हे कसे जमले याचे उत्तर अजून मला पुरते सापडलेले नाही. परिचारिका, शिक्षिका किंवा स्वयंपाकी यांच्याभोवती फिरणाऱ्या या काळातल्या कादंबऱ्या तुमच्या वाचनात असतील तर जरूर सुचवा; ते रकाने माझ्याकडे अद्याप रिकामे आहेत.