पुण्यात खायला येताय? आधी घड्याळ बघा

पुण्यात काय खायचं याची यादी हल्ली प्रत्येक पाहुण्याच्या फोनमध्ये तयार असते. मिसळ, थाळी, मस्तानी, बाकरवडी. त्या यादीत वेळा नसतात, आणि घोळ नेमका तिथेच होतो. साडेबाराला मिसळ खाल्ली की थाळी वाया गेली म्हणून समजा. थाळीवर लगेच मस्तानी घेतली तर संध्याकाळ लोळण्यात जाते.

मिसळ सकाळी, साडेआठ-नऊच्या आसपास, आणि जमलं तर रविवार सोडून. पहिल्यांदा खाणाऱ्याने नारायण पेठेत बेडेकरांकडे जावं. मेट्रोने डेक्कनला उतरून नदी ओलांडली की पेठ सुरू होते. मिसळ म्हणजे डोळ्यांतून पाणी, अशी कल्पना करून आलेल्यांचा इथे विरस होतो. रस्सा आल्या-गुळाकडे झुकलेला, किंचित गोडसर. खाली पोहे आणि बटाट्याची भाजी, वर शेव-फरसाण, कांदा, कोथिंबीर. सोबत पाव नाही, स्लाइस ब्रेड. त्यावर नाक मुरडू नका, पातळ रस्सा ब्रेड जसा पितो तसा पाव पीत नाही. फक्त तुकडा बुडवला की लगेच तोंडात घाला. रेंगाळलात तर तो वाटीतच विरघळतो.

बशी समोर आली की सगळा रस्सा एकदम ओतून कालवायचा, ही नवख्यांची नेहमीची चूक. दोन मिनिटांत फरसाणाचा लगदा होतो. लिंबू पिळा, एका कडेने दोन-तीन चमचे रस्सा घाला, तेवढाच भाग कालवून खा, मग पुढे सरका. शेवटच्या घासापर्यंत काहीतरी कुरकुरीत राहिलं पाहिजे. रस्सा संपला की ‘सॅम्पल’ मागायचं. कोल्हापूरकर ‘कट’ म्हणतो, नागपूरकर ‘तर्री’, इथे सॅम्पल. टेबलावर अनोळखी माणूस येऊन बसला तर तो आगाऊपणा नव्हे, तशीच पद्धत आहे. आणि खाऊन झाल्यावर गप्पा मारत बसू नका, मागे रांग उभी असते आणि ती तुमच्याकडेच बघत असते.

झणझणीतच हवं असेल तर कर्वे रस्त्याजवळ भोंडे कॉलनीतली काटा किर्र. ती कोल्हापुरी वळणाची. आधी मध्यम घ्या, शौर्य दुसऱ्या बशीत दाखवा.

डोसा-इडलीवाल्यांसाठी फर्ग्युसन रस्त्यावरची वैशाली. हिचं जुनं नाव मद्रास हेल्थ होम. रविवारी सकाळी नऊ ते अकरा तिथे जाण्यात काही हशील नाही, बराच वेळ फुटपाथवर उभं राहावं लागतं. त्यापेक्षा कामाच्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला जा आणि एसपीडीपी मागवा, म्हणजे शेव-पोटॅटो-दही-पुरी. हिचं आयुष्य पाच मिनिटांचं. फोटो काढत बसलात तर पुरी दह्यात बसकण मारते. गर्दी जास्तच असेल तर त्याच रस्त्यावर रूपाली आणि वाडेश्वर आहेत, उपाशी कोणी राहत नाही.

थाळीला दुपारी साडेबाराच्या आत पोचा. टिळक रस्त्यावरची बादशाही साध्या घरगुती जेवणासाठी. आपटे रस्त्यावरचं श्रेयस ज्यांना अळूची भाजी, मसालेभात आणि गोडधोडाचं मराठी पान हवंय त्यांच्यासाठी. दुर्वांकुर टिळक रस्त्यावर, तिथे वाढपी थांबतच नाहीत आणि मेन्यू गुजरात-राजस्थानकडेही फिरून येतो. मला विचाराल तर गावाबाहेरच्या माणसाला श्रेयस, इथे शिकायला येऊन राहिलेल्याला बादशाही.

अमर्याद थाळीत पाहुणे हरतात ते पहिल्या दहा मिनिटांत. फरसाण, वडा, भजी असं तळलेलं आधी येतं आणि भूक तिथेच मरते. तळणाचा एकेकच नग घ्या. पानाची डावी बाजू मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबिरीची, ती तोंडी लावायला असते, भाजीसारखी संपवायला नव्हे. पोळ्या दोन पुरेत. भाताला जागा ठेवाच: मसालेभात आला की त्यावर साजूक तूप मागून घ्या, बहुतेक ठिकाणी मागितल्याशिवाय दुसऱ्यांदा पडत नाही. मठ्ठा अधूनमधून घोटघोट घेतला तर जेवण उतरतं, सुरुवातीलाच दोन वाट्या रिचवल्या तर पोट फुगतं. नको असेल तेव्हा ‘नको’ तोंडाने म्हणून उपयोग नाही, पानावर हात आडवा धरा.

दुपारी झोपा. चेष्टा नाही, जुन्या पेठांतली बरीच छोटी दुकानं अजून दुपारी बंद असतात. चितळ्यांच्या एक ते चारवरचे विनोद मात्र आता शिळे झाले, 2017 पासून दुकानं दुपारीही उघडी असतात. बाकरवडी शेवटच्या दिवशी घ्या आणि बंद पाकीटच घ्या. फुटलेलं पाकीट पावसाळ्यात दोन दिवसांत मऊ पडतं.

चार वाजता अमृततुल्य, म्हणजे पुण्याचं चहाचं दुकान. पितळी पातेलं, कुटलेलं आलं-वेलची, फडक्यातून गाळलेला चहा. साखर आधीच घातलेली असते, त्यामुळे ‘बिनसाखरेचा’ मागितलात तर वेगळा करून मिळेल, पण ती चव येणार नाही. सोबत क्रीमरोल घ्या. दुकान कुठलं हे फार महत्त्वाचं नाही, पातेल्याभोवती गर्दी आहे का तेवढं बघा. सारखा खपणारा चहाच ताजा असतो, तासभर उकळत राहिलेला कडवट होतो.

मस्तानी रात्री, जेवण हलकं ठेवून. सदाशिव पेठेत निंबाळकर तालमीच्या चौकात सुजाता, तुळशीबागेत कावरे (मेट्रोचं मंडई स्टेशन जवळ). घट्ट मिल्कशेकवर आइस्क्रीमचा गोळा, म्हणजे एक मोठा ग्लास दोघांत पुरतो. एप्रिल-मेमध्ये आंबा, एरवी दुसरा कुठलाही स्वाद. आधी चमच्याने वरचं आइस्क्रीम अर्धं खा, नाहीतर ढवळताना निम्मं टेबलावर.

कॅम्पला, म्हणजे पुण्याच्या छावणी भागाला, वेगळा अर्धा दिवस द्या, पेठांच्या फेरीत कोंबू नका. ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानी बेकरीत श्रूजबेरी आणि मावा केक सकाळी घ्या, दुपारी दुकान बंद असतं. ही बिस्किटं लोण्याची आणि ठिसूळ, बॅगेच्या तळाशी घातलीत तर घरी चुरा पोचतो. जेवायला दोराबजी, 1878 पासूनचं, धनसाक (पारशी डाळ-मटण) किंवा बिर्याणी. इराणी चहा आणि बनमस्का कॅम्पात राहून गेला तर डेक्कनला गुडलक आहेच, 1935 पासून. बनमस्का चहात बुडवायचा, पण लोण्याचा तवंग कपात आला की आपणच बुडवलाय हे लक्षात ठेवा.

आता रविवार संध्याकाळ. मराठी थाळीच्या अनेक खानावळी त्या वेळी बंद असतात आणि पाहुणा नेमका तेव्हाच ‘घरगुती काहीतरी’ शोधत टिळक रस्त्यावर फिरत असतो. थाळी रविवारी दुपारीच उरका. रात्री त्याच भागात एसपीज बिर्याणी असते. साडेसातच्या आत गेलात तर बसायला जागा मिळेल, नाहीतर पार्सल घ्या. आणि खिशात थोडे सुटे पैसे असू द्या, गर्दीच्या वेळी क्यूआर चालला नाही की गल्ल्यावरचा माणूस पाचशेच्या नोटेकडे ज्या नजरेने बघतो ती टाळलेली बरी.